पांढऱ्या केसांची कड

माझ्या नाकावर राग असतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको. कोणी न विचारता माझी खुर्ची सरकवली तरी माझा पारा चढतो. नवरा म्हणतो, आपल्या घरात दोन शेगड्या आहेत, एक स्वयंपाकघरात आणि एक लॅपटॉपसमोर. तरीही ही गोष्ट उपकारांची आहे. ते ज्यांनी केले त्या माझ्या सासूबाई. त्यांना विचाराल तर म्हणतील, मी काय केलं, दोन प्रश्न विचारले. म्हणून मीच सांगायला बसले आहे.

माझं काम मोबाइलच्या पडद्यावर चित्रं उमटवण्याचं. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, आठ माणसं आणि एक कायम गळणारा एसी. विग विकणाऱ्या दुकानांसाठी आम्ही एक अ‍ॅप बनवलं. गिऱ्हाईक फोनने आपल्या चेहऱ्याचा फोटो काढतं, यादीतला विग निवडतं आणि तो आपल्या डोक्यावर कसा दिसेल ते तिथल्या तिथे बघतं. दुकानात जाऊन परक्यांसमोर डोकं उघडं करायच्या आधी, घरी, एकट्याने.

यात माझ्या वाट्याला आली होती केसांची कड. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचे चार आकडे असतात. तीन रंगाचे, आणि चौथा तो ठिपका किती भरीव, किती पारदर्शक ते सांगणारा. त्या चौथ्याला आम्ही अल्फा म्हणतो. विगच्या मधल्या भागात अल्फा पूर्ण, विगच्या बाहेर शून्य, आणि कडेला, जिथे एकेक केस सुटा होतो, तिथे अर्धामुर्धा. मी हे चौथे आकडे तेवढे वेगळे काढून त्यांचा एक मास्क तयार करायचे आणि त्या मास्कमधून विगचा रंग चेहऱ्याच्या फोटोवर सोडायचे. मास्क उघडा तिथे केस, बंद तिथे खालचा फोटो तसाच.

ऐकायला सोपं आहे. पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. आम्ही जिच्यावर काम करत होतो त्या यंत्रणेत मास्कचा नियम उलटा निघाला. अल्फात शून्य म्हणजे आरपार, मास्कमध्ये शून्य म्हणजे इथे रंग भर. मी आकडे न उलटवता तसेच देऊन टाकले, आणि तपासायला नेमका साहेबांचा फोटो घेतला होता. केसांच्या जागी त्यांचं टक्कल लख्ख, आणि बाकी सगळ्या तोंडाला काळं. "मालकाच्या तोंडाला काळं फासायला लोक निदान पगार थकायची तरी वाट बघतात," साहेब म्हणाले आणि हसले, म्हणून माझी नोकरी टिकली.

तपासणीचं काम करणाऱ्या आमच्या पन्नाशीच्या गृहस्थांना सगळे शंकासुर म्हणतात. सूर्य उगवला तरी त्यांना पुरावा लागतो. त्यांनी चाळीस विग आणि तीस चेहरे डोळ्यांत तेल घालून तपासले. काळे विग तर जणू त्या त्या डोक्यावरच उगवलेले. तपकिरी विगांच्या कडा किंचित गडद दिसायच्या, त्यावर त्यांनी शेरा मारला, ‘केसांना छान खोली आली आहे.’ शंकासुरांनी जन्मात पहिल्यांदा कोणाचं कौतुक केलं, मग मी कशाला खोलात शिरू? अ‍ॅप बाजारात गेलं. स्वतः विग बनवून विकणाऱ्या एक ताई आमच्या पहिल्या गिऱ्हाईक झाल्या, आम्ही त्यांना विगवाल्या ताईच म्हणतो. सात महिने कोणाची तक्रार नाही.

त्या चाळिसांत एकही पांढरा विग नव्हता. हे आठ जणांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. माणूस विग घेतो तो पांढरे केस लपवायला, असंच आम्ही धरून चाललो होतो.

आता घरची गोष्ट. सासूबाईंचं शिवणाचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. तीस वर्षं त्यांच्या हाताखाली चार-पाच बायका काम करत आल्या. बाई कडक. शिवण वाकडी गेली तर तोंडाने काही म्हणायच्या नाहीत, शांतपणे उसवून परत हातात द्यायच्या. चाळिशीतच त्यांचे केस पांढरे झाले आणि त्यांनी कधी रंग लावला नाही. कमरेपर्यंत पांढरीशुभ्र वेणी. गिऱ्हाइकं एकमेकींना दुकानाचा पत्ताच तसा द्यायची, पांढऱ्या वेणीवाल्या बाईंकडे जा म्हणून.

गेल्या वर्षी त्यांना कॅन्सर झाला. उपचार झाले, रिपोर्ट चांगले आले, डॉक्टर म्हणाले, आता हिंडा-फिरा. केस मात्र गेले ते गेलेच. इकडे चार, तिकडे दोन, असे काही परत आले, आणि याहून जास्त येतीलच असं सांगता येत नाही म्हणाले. सासूबाई घरात बसल्या. डोक्याला घट्ट रुमाल. पाच महिने त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. दुकानातल्या बायका भेटायला आल्या तर आतूनच मला खूण करायच्या, झोपल्यात म्हणून सांग. रुमालाखालचं डोकं मीसुद्धा पाहिलं नव्हतं. न्हाणीघरात जाताना रुमाल बांधलेला, बाहेर येताना बांधलेला.

मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती त्यांच्या ‘चालेल’ची. भाजी कोणती करू? कोणतीही चालेल. पंखा लावू? चालेल. ज्या बाईला सुताएवढा फरक चालत नव्हता, तिला सगळंच चालायला लागलं होतं. ती हळूहळू आमच्यातून उठून चालली आहे असं मला वाटायचं, आणि यासाठी कोणावर ओरडावं तेही कळायचं नाही.

नवऱ्याने एकदा काळ्या विगचा विषय काढून बघितला. "आई, चांगली दहा वर्षांनी तरुण दिसशील."

"तरुण कोणाला दिसायचंय?" त्या म्हणाल्या. "मला मी दिसले तर पुष्कळ."

मग एका सोमवारी विगवाल्या ताईंचा फोन आला. "अहो, तुम्ही मागे विचारलं होतंत ना, खरे पांढरे केस मिळतील का? मिळालेत. लांब आहेत आणि एकाच डोक्याचे आहेत. असा माल मला अकरा वर्षांत दुसऱ्यांदा बघायला मिळतोय."

"बाजूला ठेवा! कोणाला देऊ नका!"

"शनिवार दुपारपर्यंत ठेवते. एक नाटकवाले मागे लागलेत, त्यांना म्हातारीच्या भूमिकेला हवेत. त्याच्यापुढे मला नाही थांबवता यायचं. आणि मापाला त्यांना स्वतः यावं लागेल हं, रुमाल काढून. कापडावरून डोक्याचं माप मी घेत नाही."

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी रुमालाची गाठ चाचपली. मग म्हणाल्या, "अंगावर धरून बघितल्याशिवाय कसं सांगू?"

‘चालेल’ म्हणाल्या नाहीत! मला उडी मारावीशी वाटली. विगवाल्या ताईंनी ते केस जाळीवर तात्पुरते टाचले, फोटो काढला, फोटोतली मागची भिंत काढून टाकून चित्र माझ्याकडे पाठवलं. मंगळवारी संध्याकाळी मी सासूबाईंचा रुमालासकट फोटो काढला, त्यावर ते केस चढवले आणि आधी स्वतः न बघताच फोन त्यांच्या हातात दिला. स्वतःच्या कामावर माझी एवढी श्रद्धा.

केस सुंदर होते. पण केस आणि चेहरा यांच्यामध्ये चौफेर एक काळपट रेघ होती. कपाळावर, कानांवर, मानेवर. कोणीतरी कोळशाने डोकं आखून मग आत चुना भरावा तशी. सुट्या केसांवर तर काजळीच धरलेली.

त्यांनी नीट बघितलं. मग फोन टेबलावर पालथा ठेवला. "राहू दे गं. नाटकवाल्यांनाच देऊ देत. ही सोंगं आता कशाला?" आणि त्या आत गेल्या.

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. पाच महिन्यांनी या बाईने दार किलकिलं केलं होतं, ते माझ्या हातून धाडकन आपटलं. एरवी काम बिघडलं की मला राग येतो. त्या संध्याकाळी नुसती लाज वाटली.

बुधवारी ऑफिसात मी आकाशपाताळ एक केलं. आधी दोष ढकलला विगवाल्या ताईंवर, तुमचा दिवाच वाईट आहे म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं! त्या बिचाऱ्यांनी मुकाट्याने खिडकीशी नेऊन तीन नवे फोटो काढले. रेघ जशीच्या तशी. मग मी कड एका ठिपक्याने तासली. रेघ गेली, पण सुटे केसही गेले आणि डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखं दिसायला लागलं. मग कडा उजळ करून पाहिल्या, तर काळ्या विगांच्या भोवती प्रभावळ आली, एकेक गिऱ्हाईक संत.

शंकासुर माझ्या मागे येऊन उभे राहिले. "आपण पांढरा एकदाही तपासला नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"माझ्या आईचे केस पांढरेच आहेत हो," ते म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांच्या ‘छान खोली’च्या शेऱ्याबद्दल मी काही बोलले नाही. त्यांचं तोंड बघून बोलवलंच नाही.

त्या रात्री घरीही मी फोनवर ओरडत आणि माउस आपटत राहिले, आणि गुरुवारी तर घरूनच काम करत होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, सकाळचे अकरा, आणि मी माउस आपटत होते. सासूबाई पाणी प्यायला बाहेर आल्या.

"टेबल मोडशील. काय अडलंय?"

"तुम्हाला नाही कळणार, आई," मी फटकन बोलून गेले. जीभ चावली, पण शब्द सुटला होता.

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "नाही कळलं तर उठून जाईन. सांग."

मग मी सांगितलं. तिरसटासारखं, भराभर, पण सांगितलं. ठिपके, चार आकडे, चौथ्या आकड्यांचा मास्क, त्यातून सोडलेला रंग. कडेचा केस अर्धा पारदर्शक असतो म्हणून तिथे रंगही अर्धाच सोडायचा, म्हणजे खालचं कपाळ अर्धं दिसतं. हे सगळं बरोबर करूनही तिथे अंधार येतो. त्या मान हलवत ऐकत होत्या, जसं गिऱ्हाईक आपल्या खांद्याची तक्रार सांगताना ऐकायच्या.

"हा रंग तू स्वतः बनवतेस?"

"नाही. चित्र उघडून देणारा एक वेगळा भाग असतो, तो देतो."

"मग तो देतो तेव्हा कडेचा रंग आधीच अर्धा करून देतो, का पुरा देतो?"

माझं माउस आपटणं थांबलं.

"विचारलं नाहीस ना?" त्या म्हणाल्या. "अगं, आमच्याकडे नव्या मुली हेच करतात. एक जण माप लिहून घेताना शिवणीची माया धरून लिहिते, वर दोन बोटं जास्त. दुसरी ते माप बघून कापायला बसते आणि ती पण माया सोडते. दोघी बरोबर. आणि ब्लाऊजचा झाला तंबू! म्हणून मी नियम केलाय, मापाच्या चिठ्ठीवर लिहायचं, माया धरली आहे किंवा नाही. आणि लिहिलं नसेल तर कात्री उचलायच्या आधी विचारायचं. भांडणं मिटली."

त्या ग्लास विसळायला गेल्या. मी त्या पांढऱ्या केसांच्या कडेचा एकच ठिपका पकडला आणि त्याचे चारही आकडे पडद्यावर छापून बघितले. अल्फा अर्धा होता, ते ठीक. रंग पुरा पांढरा हवा होता. तो अर्धा होता.

चित्र उघडणाऱ्या भागाने कडेचा रंग अल्फाच्या हिशोबाने आधीच पातळ करून दिला होता. तो रंग घेऊन माझा मास्क त्याला पुन्हा पातळ करत होता. अर्ध्याचा अर्धा. पांढऱ्याचा पाव भाग उरला की तो कोळशासारखाच दिसणार. आणि काळे विग? काळ्याचा आकडाच शून्य. शून्याला कितीही वेळा अर्धं करा, शून्यच. चाळीस विगांमध्ये ही चूक दिवसाढवळ्या बसून होती आणि आम्ही तिला खोली म्हणत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते यालाच. उत्तर माझ्याच घरात रुमाल बांधून बसलं होतं आणि मी त्याला ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणाले होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. रंग आधीच पातळ झालेला आहे, पुन्हा करू नकोस, एवढंच सांगायचं. या वेळी मी आधी स्वतः बघितलं. मग काळ्यावर बघितलं, तपकिरीवर बघितलं, गडद भिंत, उजळ भिंत, सगळं बघितलं. शंकासुरांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘एक केस कानावर आलाय तो खरा वाटतोय. शंका नाही.’

मग फोन घेऊन मी सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. "आई, एकदाच बघा. नाही आवडलं तर परत विषय काढणार नाही."

त्यांनी चष्मा लावला. फोन जवळ धरला, मग लांब धरला, उजेडाकडे वळवला. त्यांच्या कपाळावरून एक पांढरी बट निघून कानामागे गेली होती, आणि जिथे ती विरळ होती तिथून खालची कातडी दिसत होती. रेघ नव्हती. कुठेही नव्हती. त्यांनी फोन इतक्या वेळा फिरवून बघितला की मी मनातल्या मनात नाटकवाल्यांना विग देऊनही टाकला.

"मी इतकी दाट कधीच नव्हते," शेवटी त्या म्हणाल्या. "इथे, कानाच्या मागे, बरंच कमी करायला पाहिजे. आणि भांग मधून नाही, जरा डावीकडे. कोणी काढलाय हा भांग?"

मला एकदम रडू फुटलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांनी काढलेल्या चुका ऐकून मी अनेकदा दात-ओठ खाल्ले असतील. त्या दिवशी वाटलं, काढा आई, आणखी काढा, संध्याकाळपर्यंत काढत बसा.

"रडतेस काय? सांग त्या बाईला."

"सांगते. लिहून घेते. कानाच्या मागे..."

"फोनवर सांगून तिला कळणार नाही." त्यांनी चष्मा काढला. "उद्या मीच येते."

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. त्या भिंतीच्या कडेकडेने चालत होत्या, रुमाल कपाळावर ओढून. समोरून कोणी आलं की त्यांची पावलं आखूड व्हायची. मी हात धरला नाही, त्यांना ते आवडत नाही. मी नुसती रस्त्याच्या बाजूने चालले, म्हणजे बघणाऱ्याला आधी मी दिसेन.

विगवाल्या ताईंची खोली पहिल्या मजल्यावर होती. एक आरसा, एक गोल स्टूल, ओळीने मांडलेली लाकडी डोकी आणि मध्ये एक जाड पडदा. मापाची जागा पडद्याच्या आत. "घरच्यांनी बाहेर बसायचं, असा माझा नियम आहे," ताई मला हळूच म्हणाल्या. "त्यांचा चेहरा कसा होईल सांगता येत नाही, आणि आरशात तोच पहिला दिसतो." शहाणा नियम होता. मी मुकाट्याने बाकाकडे वळले.

"ती बाहेर नाही बसणार," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, पण..."

"तीस वर्षं मी लोकांची मापं घेतेय. मापाला जवळ कोण हवं ते मापवाली ठरवत नाही. ज्याचं अंग तो ठरवतो. ये गं आत."

मी आत गेले. त्या स्टुलावर बसल्या, मानेमागची गाठ सोडली आणि रुमाल माझ्या हातात दिला. "धर."

त्यांचं डोकं माझ्या समजुतीपेक्षा खूप लहान होतं. गोल, नितळ, कानांच्या वर थोडे पांढरे केस. चेहरा सांभाळायचा असं मी ठरवलं होतं, आणि सांभाळायला काही लागलंच नाही. दुसरं काही मनात येण्याआधी एवढंच आलं की यांनी मला आत बोलावलं.

"आई, तुमचे उपकार..." मी सुरुवात केली.

"गप. वही घे, आकडे लिही. ताई, फीत जरा सैल धरलीत तुम्ही."

ताईंनी फीत आवळली. सासूबाई आरशात बघत होत्या, स्वतःकडे नाही, माझ्याकडे. मग त्या म्हणाल्या, "मंगळवारी ती रेघ बघून मी आत गेले ना, तेव्हा ठरवलं होतं, बास आता. दोन दिवस पडून होते. पण बाहेर तू सारखी काहीतरी आपटत होतीस. फोनवर कोणावर तरी ओरडत होतीस. ते ऐकून बरं वाटायचं. माझ्यासाठी अजून कोणीतरी भांडतंय म्हणून."

ताईंनी कपाळापासून मानेपर्यंतचा आकडा सांगितला. मी तो लिहिला, आणि मग मला त्यांना तो परत विचारावा लागला, कारण वहीवरचं मला काही दिसत नव्हतं.